कानोसा: मशीन लावलं, तरी बोलत का नाही?

या वेळी टपालात लहान मुलांच्या घरून आलेली पत्रंच जास्त होती. त्यामुळे मोठ्या माणसांचे कानात शिट्ट्या वाजण्याचे आणि चक्कर येण्याचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत, रागावू नका. पत्रं लांब होती, थोडी छाटून घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

माझी मुलगी दीड वर्षाची आहे. बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या) तपासणीत दोन्ही कानांत ८० डेसिबलच्या पुढे दोष निघाला. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावलं, पण ती ओढून काढते, फेकते. अजून एक शब्द बोललेली नाही. सासूबाई म्हणतात, तिचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, जीभ जड आहे, वेखंड चाटव. मी रोज चित्रांचं पुस्तक घेऊन बसते. ‘हे काय? बोल, सफरचंद’ म्हणते. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि पळून जाते. मशीन लावलं, तरी बोलत का नाही?
— एक आई, बार्शी

ताई, आधी सासूबाईंचं म्हणणं निकालात काढू, कारण घरात त्यांचा शब्द चालत असणार. जीभ जड असलेलं मूल हाक मारली की वळून बघतं. तुमची मुलगी वळत नव्हती, म्हणून तर तुम्ही बेरा केली. बाबा उशिरा बोलले हे खरंही असेल, पण त्यांना ऐकू येत होतं. वेखंड कानापर्यंत पोचत नाही. सासूबाईंना मात्र या कामातून वगळू नका. त्यांचं काम पुढे सांगते.

आता वयाचं. मुलगी अठरा महिन्यांची आहे, पण तिचं ऐकणं दोन महिन्यांचं आहे. ऐकू येणारं बाळ जन्माच्या चारेक महिने आधी, पोटातच, आवाज ऐकायला लागतं. बाहेर आल्यावर वर्षभर नुसतं ऐकतं आणि मग कुठे ‘मम’, ‘बाबा’ म्हणतं. दोन महिन्यांच्या तान्ह्याला ‘सफरचंद म्हण’ असं कोणी सांगत नाही. आमच्याकडे याला श्रवणवय म्हणतात आणि ते मशीन लागल्यापासून मोजतात. त्यात ग्यानबाची मेख अशी की मशीन कानात असतं तेवढेच तास धरायचे. सकाळी तास, संध्याकाळी तास आणि बाकी दिवस डबीत असं चाललं असेल, तर दोन महिनेसुद्धा भरत नाहीत. जागेपणीचा सगळा वेळ मशीन कानात, हे पहिलं काम. तेवढं जमेपर्यंत चित्रांचं पुस्तक कपाटात राहू द्या.

ती फेकते का ते शोधा. मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, सैल झाला असेल तर मशीन शिट्टी मारतं आणि कडेने आवाज गळतो. या वयात कान भराभर वाढतो, मोल्ड दोन-तीन महिन्यांत लहान पडू शकतो. कानाच्या पाळीमागे लाली किंवा ओरखडा दिसतो का बघा. मशीन फार मोठ्या आवाजावर ठेवलं असेल आणि कुकरच्या शिट्टीला ती दचकून रडत असेल, तर ऑडिओलॉजिस्टला (कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाला) सांगून सेटिंग बदलून घ्या. यातलं काहीच नसेल तर कारण साधं आहे: मशीन फेकलं की आई धावत येते, हे तिला कळलंय. म्हणून धावू नका, ओरडू नका, तोंडाने अवाक्षर न काढता परत घाला. हात गुंतलेले असतील तेव्हा घाला: जेवताना, झोक्यावर, खिडकीतून रस्ता बघताना. मशीनला दोरी बांधून फ्रॉकला पिन लावा, वाटलं तर पातळ सुती टोपी घाला. सेलच्या झाकणाला लॉक असतं, ते बसवलंय ना बघा. तो छोटा गोल सेल पोटात गेला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी मशीनची परीक्षा घ्या. ऑडिओलॉजिस्टकडे स्टेथोस्कोपसारखी नळी मिळते, ती मशीनला जोडून स्वतः ऐका. खरखर, तुटक आवाज, काहीच नाही, हे तुम्हाला लगेच कळेल. मग मुलीच्या बाजूला बसा, तोंड दिसणार नाही असं, आणि सहा आवाज काढा: आ, ऊ, ई, म, श, स. डॅनियल लिंग नावाच्या शिक्षकाने बसवलेली ही चाचणी जगभर वापरतात, कारण बोलण्यातले जाड आवाज ‘म’ आणि ‘ऊ’मध्ये येतात, बारीक आवाज ‘श’ आणि ‘स’मध्ये आणि मधले बाकीच्यांत. दीड वर्षाचं मूल ऐकू आलं की थबकतं, डोळे मोठे करतं किंवा वळतं. अडीच-तीन वर्षांचं झालं की आवाज ऐकला की मणी डब्यात टाकायला शिकतं. आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच ठेवा आणि मधेमधे मुद्दाम गप्प राहा, नाहीतर ती अंदाजाने वळेल. कालपर्यंत ‘श’ला वळणारी मुलगी आज वळली नाही, तर सेल, मोल्डच्या नळीतलं पाणी किंवा मळ आणि सर्दीने भरलेला कान, या क्रमाने तपासा.

आता बोलण्याकडे येऊ. ‘हे काय? बोल!’ ही परीक्षा झाली. जे कानावर पडलेलंच नाही त्याची परीक्षा कशी घेणार? पळून जाते ते बरोबरच करते. त्याऐवजी हिवाळ्यात मटार सोलता ना, तेव्हा तिला शेजारी बसवा. समोर नको, समोर बसलं की ती ओठ बघते आणि कान विसरते. ज्या कानाला जास्त ऐकू येतं त्या बाजूला तुम्ही, मांडीला मांडी लावून. टीव्ही बंद, पंखा कमी. शेंग पदरात लपवा आणि आधी बोला: ‘शेंग उघडू या?’ आणि थांबा. हे थांबणं फार जड जातं, आयांना राहवतच नाही. मनात पाचपर्यंत मोजा. ती तुमच्याकडे बघेल, काय चाललंय म्हणून. मग शेंग काढा, उघडा: ‘उघडली! शेंग उघडली.’ स्टीलची वाटी तिच्या कानाजवळ धरा आणि दाणा टाका, टण्ण. ‘पडला! अजून एक पडला. अरे, हा गेला पळून!’ दाणा फरशीवर घरंगळतो, ती मागे धावते, तुम्ही मागून: ‘पकड, पकड, पकड!’ एवढ्यात उघड, पड, पळ, पकड अशी चार क्रियापदं झाली, तीही ती ज्यात गुंतली आहे त्या कामाशी बांधलेली. आधी बोलायचं, मग दाखवायचं, मग पुन्हा बोलायचं, हा क्रम सोडू नका. चित्रातलं सफरचंद एक नाम देतं आणि तिथेच संपतं. शिवाय बार्शीत दीड वर्षाच्या पोरीला सफरचंद किती वेळा दिसतं? बोरं, हरभरा, ज्वारीची भाकरी, म्हशीचा हंबरडा, जे समोर आहे त्याच्यावर बोला.

बोलताना शब्द तोडू नका. ‘शें—ग’ असं फोड करून, तोंड वेडंवाकडं करून बोललं की आवाजाची लय बिघडते आणि मुलाला चुकीचा नमुना मिळतो. ओरडूनही उपयोग नाही, मोठा आवाज करायला मशीन आहे. कानाजवळ, साध्या आवाजात, जरा लाडाच्या सुरात आणि पूर्ण वाक्यात बोला. हा सूर सासूबाईंच्या तोंडी उपजत असतो. ओव्या, अंगाई, बडबडगीतं, संध्याकाळची आरती टाळ्या वाजवत, हे सगळं त्यांच्याकडे सोपवा. शब्दांच्या आधी मुलं चाल पकडतात. मात्र आजीच्या मांडीवर बसतानाही मशीन कानात हवं, हे त्यांना तुम्ही नाही, मुलीच्या बाबांनी सांगावं.

आणि एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. दोष ८० च्या पुढे, म्हणजे तीव्र आहे. मशीन लावून किती ऐकू येतं, याची वेगळी चाचणी असते, ती आता करून घ्या. चांगलं मशीन, घट्ट मोल्ड, दिवसभर वापर आणि तरीही ‘श’, ‘स’ पोचतच नाहीत असं निघालं, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विचार याच वर्षी करायचा. बघू, अजून लहान आहे, असं म्हणत तिसरं वर्ष उजाडलं की फार किमती काळ गेलेला असतो.

बाळ सात महिन्यांचं आहे. जन्मानंतर कावीळ फार वाढली म्हणून अतिदक्षता विभागात होतं, रक्त बदलावं लागलं. घरी सोडताना कानांच्या तपासणीवर ‘पास’ लिहिलं होतं. पण कधी दार आपटलं की दचकतं, कधी ढोल वाजला तरी ढिम्म. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणतात. काळजी करायची का?
— एक वडील, नाशिक

रिपोर्ट काढा आणि त्यावर कोणत्या चाचणीचं नाव आहे ते वाचा. ‘ओएई’ असेल तर ती चाचणी आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी (ऐकण्याच्या, केसांसारखी टोकं असलेल्या पेशी) काम करतात का, एवढंच सांगते. त्याच्या पुढे ऐकण्याची नस आहे. फार वाढलेली कावीळ त्या नसेला किंवा तिच्या पुढच्या मार्गाला इजा करू शकते आणि मग कान पास होतो, पण आवाज मेंदूपर्यंत तुटक पोचतो. आज ऐकलं, उद्या नाही, असं मूल वागतं ते यामुळेही असू शकतं. याचं निदान बेरानेच होतं. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा करायलाच हवी. नियम असा सांगतात की महिन्याच्या आत पहिली चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. तुमचं बाळ सातव्यात आहे, तेव्हा या आठवड्यात जा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते विचारा.

तोवर घरी थाळ्या वाजवून परीक्षा घेत बसू नका. थाळीचा हादरा बाळाला अंगाला जाणवतो, वाऱ्याची झुळूक लागते, सावली हलते. मूल वळलं म्हणजे ऐकलं असं होत नाही.

माझा नातू अडीच वर्षांचा आहे. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचविले आहे. खर्च लाखांत सांगतात. सरकारी मदत मिळते काय? शस्त्रक्रियेनंतर तो लगेच ऐकू व बोलू लागेल ना? आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, हे यंत्र तग धरेल काय?
— एक आजोबा, चिपळूण

काका, नमस्कार. मदतीचं आधी, कारण त्यात वयाची अट आहे. केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी त्यातून इम्प्लांट मिळतं, पण मूल पाच वर्षांच्या आत हवं आणि घरच्या उत्पन्नालाही मर्यादा आहे. याचं काम मुंबईत वांद्रे रेक्लमेशनजवळची अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था बघते. ती १९८३ मध्ये सुरू झाली, तुम्हाला कोकण रेल्वेने जाऊन येण्यासारखी. उत्पन्नाचा दाखला, आधार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, बेरा आणि बाकीचे रिपोर्ट, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा. यादी लांबते, म्हणून अर्ज आज, विचार उद्या, या क्रमाने गेलात तरी चालेल.

‘लगेच’ मात्र मनातून काढा. शस्त्रक्रियेत आतल्या कानाच्या शंखात एक बारीक तार सरकवतात. ती जखम भरायला तीनेक आठवडे देतात आणि त्यानंतर बाहेरचं यंत्र जोडून आवाज सुरू करतात, त्याला स्विच ऑन म्हणतात. त्या दिवशी घरची मंडळी मोबाइल सरसावून बसतात, मूल हसेल म्हणून. बरीच मुलं भोकाड पसरतात. जन्मापासून शांततेत राहिलेल्या मुलाला अचानक काहीतरी होतं आणि ते काय आहे हे त्याला कळत नाही. रडलं तर आवाज पोचला, एवढं समजा आणि त्याला कडेवर घ्या. माणसाच्या निरोगी कानात सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी हे काम करतात, यंत्रात त्यांच्या जागी १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. एवढ्यावर मेंदू बोलणं ओळखायला शिकतो हीच कमाल आहे, पण शिकायला वेळ लागतो. दर थोड्या महिन्यांनी मॅपिंग करून आवाजाची पातळी जुळवावी लागते. बार्शीच्या ताईंना वर जे सांगितलं ते सगळं तुमच्याही घरी लागू आहे, इम्प्लांटच्या मुलाला कणभर जास्तच.

खर्चाचं अजून एक अंग कोणी आपणहून सांगत नाही. शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून आले, तरी वायर तुटते, कॉइल जाते, सेल किंवा चार्जर लागतात आणि काही वर्षांनी बाहेरचं यंत्र बदलावं लागतं. वायरीची किंमत, वॉरंटी किती वर्षं आणि नंतर सुटे भाग कुठे मिळतात, हे कागदावर लिहून घ्या, मगच होकार द्या. एका गावात पाच हजारांच्या आसपासच्या वायरीपायी मूल महिनोन्‌महिने बहिरं बसलेलं मी पाहिलंय. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकोकसची लस झाली आहे ना, तेही विचारा, कारण इम्प्लांटच्या मुलांना मेंदुज्वराचा धोका थोडा जास्त असतो.

पावसाचं म्हणाल तर थेंबांपेक्षा दमट हवेचं भ्या जास्त. रात्री यंत्र पुसून, सेल काढून, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या डब्यात ठेवायचं. साध्या डब्यातले निळे मणी गुलाबी झाले की ते काम करेनासे झाले असं समजून बदलायचे किंवा तापवून सुकवायचे. कोकणात जून ते सप्टेंबर हे एक दिवसही चुकवू नका. घामासाठी उन्हाळ्यातही तेच.

आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात. मुलाला (३ वर्षं) मशीन लावल्यावर थेरपीच्या मॅडमनी सांगितलं की त्याचा गोंधळ होईल, घरात फक्त शुद्ध मराठी बोला, पुढे इंग्रजी शाळेत घालणार असाल तर इंग्रजीच बोला. मला मराठी वाचता येतं, पण बोलताना अडखळते. आता मी त्याच्याशी फारशी बोलतच नाही.
— एक आई, शिरपूर

शेवटचं वाक्य वाचून जीव कळवळला. ताई, आजपासून अहिराणीत बोला. भरभरून बोला.

मुलाला भाषा मिळते ती सहज बोलणाऱ्या माणसाकडून. तुम्ही ‘आठे ये’ म्हणता तेव्हा त्यात राग, लाड, घाई सगळं आपोआप उतरतं. ‘इकडे ये बाळा’ म्हणताना तुम्ही शब्द शोधत असता आणि मुलाला मिळतं ते चार शब्दांचं कोरडं बोलणं. आजी, काका, शेजारची पोरं सगळी अहिराणी बोलणार आणि हे एकटं पोर त्यांच्यात पाहुण्यासारखं बसणार, तर ते दिवसभर ऐकणार कोणाचं? एका भाषेचा पाया पक्का झाला की दुसरी त्यावर उभी राहते. ऐकू येणाऱ्या मुलांचं जसं होतं तसंच नीट ऐकू येणाऱ्या मशीनच्या मुलांचंही होतं. शाळेची मराठी तो शाळेत उचलेल.

थेरपीच्या मॅडमना दोष देत नाही, त्यांना अहिराणी येत नसेल म्हणून त्यांची पंचाईत होत असेल. तुम्ही एक करा. मुलाला कळणारे आणि बोलता येणारे अहिराणी शब्द एका वहीत लिहून न्या, शेजारी मराठी अर्थ. म्हणजे मुलाला काय येतं ते त्यांना दिसेल आणि ‘याला काहीच येत नाही’ असा शेरा पडणार नाही.

माझी बहीण आणि मेहुणे दोघंही जन्मापासून कर्णबधिर आहेत, खुणांच्या भाषेत बोलतात. त्यांचं आठ महिन्यांचं बाळही कर्णबधिर निघालं. मशीन लावलं आहे. पण सांगितलं गेलं की बाळासमोर खुणा करू नका, नाहीतर ते कधीच बोलणार नाही. बहीण बाळाला घेऊन नुसती बसून असते, हात मांडीवर ठेवून.
— एक मावशी, अमरावती

माझं सगळं आयुष्य मुलांना ऐकायला-बोलायला शिकवण्यात गेलं, म्हणून माझ्या तोंडी हे कदाचित चमत्कारिक वाटेल: बहिणीचे हात मोकळे करा, आजच.

खुणांमुळे बोलणं खुंटतं ही समजूत जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे शिक्षकांची परिषद भरली होती, तिथे खुणांऐवजी तोंडी भाषेतच शिकवावं असा ठराव झाला आणि त्याची सावली शाळांवर शंभर वर्षं राहिली. आता आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला जागा आहे, २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी राष्ट्रीय संस्थाही निघाली. मूल बोलत नाही ते पुरेसं ऐकू न आल्यामुळे, किंवा ऐकू येऊनही कोणी त्याच्याशी बोलत नसल्यामुळे. आईने हाताने गोष्ट सांगितल्यामुळे नाही. तुमच्या बहिणीची भाषा पूर्ण भाषा आहे आणि तिच्या बाळाला ती पहिल्या दिवसापासून आयती मिळते आहे. ऐकू येणाऱ्या घरातल्या कर्णबधिर बाळाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही, त्याच्या घरात दोन-दोन वर्षं कुठलीच भाषा पोचत नाही.

बोलणं हवं असेल तर ते ऐकू येणाऱ्या माणसांनी पुरवायचं. तुम्ही, आजी-आजोबा, अंगणवाडीच्या ताई. मशीन दिवसभर कानात, रोज सकाळी तपासणी, आणि नळीने ऐकणं बहिणीला जमणार नाही म्हणून ते काम तुमच्याकडे किंवा शेजारच्या कोणाकडे. ठरावीक वेळ ठरवा: तुम्ही गेलात की बाळ मांडीवर, तोंड कानाजवळ आणि गप्पा. बाळ दोन्ही उचलेल की एकच, हे त्याचे कान आणि पुढची दोन-तीन वर्षं ठरवतील.

तिसरीच्या वर्गात मशीन लावणारा एक मुलगा आहे. पहिल्या बाकावर बसवला आहे. तरी अर्धं ऐकू येत नाही. वाचतो बरा, पण ‘तू कुठे गेला होतास’ हे ‘तू कुठे गेला होता’ असं लिहितो, ‘आहेस’चं ‘आहे’ करतो. मी शुद्धलेखन घेऊन घेऊन थकले.
— एक शिक्षिका, जि. प. शाळा, ता. पाटण

बाई, तुम्ही फार नेमकं टिपलंत. तो ‘स’ त्याच्या कानापर्यंत येतच नाही. ‘स’ हा बोलण्यातल्या सगळ्यांत बारीक आणि दुबळ्या आवाजांपैकी एक, ४,००० हर्ट्‌झच्या वरचा, आणि शब्दाच्या शेवटी तर तो पुसटच होतो. मराठीत ‘तू’चा प्रत्यय नेमका तिथेच बसलाय: जेवलास, आलीस, करतोस. म्हणजे वर्गातलं निम्मं विचारणं ज्यावर टेकलंय तेच त्याला ऐकू येत नाही. (नागपूरकडे चांगल्या कानांची मुलंही ‘तू कुठे गेला होता’ म्हणतात, तो भाग वेगळा.) दहा वेळा लिहून घेतल्याने उपयोग नाही. हाच निरोप पालकांमार्फत ऑडिओलॉजिस्टला द्या, ‘शब्दाच्या शेवटचा स ऐकू येत नाही’ असा लिहून. त्याला सेटिंग बदलायला याहून चांगली माहिती मिळणार नाही. आणि मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून, जवळून: ‘डबा खाल्लास? काय आणलंस? मला देशील?’

पहिला बाक ठीक, पण अंतराचं गणित बघा. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. तुम्ही फळ्यापाशी, तो तीन मीटरवर आणि बाहेर पत्र्यावर पाऊस, तर मशीन पाऊस आणि तुम्ही दोघांनाही सारखंच मोठं करतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहून झालं की वळा आणि मग बोला. मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं की तुम्ही ते पुन्हा म्हणा, तो वळेपर्यंत ते संपलेलं असतं. खिडकी आणि व्हरांड्यापासून लांब बसवा. ‘कळलं का?’ विचारू नका, तो मान डोलावणारच, सगळीच मुलं डोलावतात. ‘मी काय सांगितलं?’ विचारा. शिक्षकाच्या गळ्यातला छोटा माइक थेट मशीनला आवाज पोचवतो, अशी सोय मिळते. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांकडे त्याची मागणी लेखी नोंदवा.

मुलाचा कान सारखा वाहतो. आई कोमट तेल घालते. मशीनच्या मुलाच्या कानात तेल चालतं का?
— कराड

कोणाच्याच चालत नाही. वाहणाऱ्या कानाचा पडदा फाटलेला असू शकतो, तेल आत जाऊन दुखणं वाढतं, बुरशी होते आणि मोल्डची नळी तुंबते ती वेगळीच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कान कोरडा होईपर्यंत त्या कानात मोल्ड घालू नका, दुसऱ्या कानातलं मशीन मात्र चालू ठेवा. असं वारंवार होत असेल तर डोक्याला पट्ट्याने बांधायचं, हाडातून आवाज नेणारं मशीन चालेल का, ते त्याच वेळी विचारून घ्या.